बाळाचे कोपर

दिवाळीच्या सुटीत मी माझ्या बहिणीकडे वाईला गेलो होतो. वाई हे कृष्णेच्या काठचे, घाटांचे आणि देवळांचे गाव. ढोल्या गणपतीच्या देवळासमोरील दगडी पायऱ्या ज्यांनी पाहिल्या असतील, त्यांना हेही ठाऊक असेल की, पाण्यालगतच्या पायऱ्यांवर शेवाळ धरते आणि तेथे मोठ्या माणसाचाही पाय ठरत नाही. एके दिवशी सायंकाळी माझी बारा वर्षांची भाची व तिचा अडीच वर्षांचा धाकटा भाऊ यांना घेऊन मी घाटावर बसलो होतो. कोणीतरी नदीत सोडलेल्या द्रोणातील दिव्याकडे बाळाचे लक्ष गेले, आणि आम्ही काही म्हणण्याच्या आत तो दुडूदुडू दोन पायऱ्या उतरला. तिसऱ्या पायरीवर त्याचा पाय घसरला. भाचीने झेप घेतली, त्याचे डावे मनगट पकडले आणि एका हिसक्यासरशी त्याला वर ओढून घेतले.

बाळ पाण्यात पडता पडता वाचला. तो क्षणभर मोठ्याने रडला व लगेच उगी राहिला. आम्हांला वाटले, भ्याला असेल. परंतु घरी आल्यावर त्याच्या आईच्या ध्यानात आले की, पोर डावा हात उचलीतच नाही. हात कोपरात किंचित वाकलेला, तळहात मागे वळलेला, आणि सारा हात अंगाशी धरलेला. उजव्या हाताने तो खुशाल खेळत होता; करंजी पुढे केली तर उजव्याच हाताने घेत होता; दुसरी करंजी डाव्या हातापुढे नेली, तेव्हा त्याने उजव्या हातातील खाली ठेवून तीही उजव्याच हाताने घेतली. डाव्या हाताला कोणी स्पर्श करताच मात्र तो किंचाळे.

घरात एकच धांदल उडाली. आजी म्हणाल्या, "खांदा उतरला असेल. तेल कोमट करा, मी चोळून देते." शेजारच्या काकूंनी पलीकडच्या गावच्या हाडवैद्याचे नाव सुचविले. भाची मात्र तुळशीवृंदावनाच्या आड जाऊन बसली होती. मी जवळ गेलो, तेव्हा तिने मान वर न करताच विचारले, "मामा, मी त्याचा हात मोडला का हो?" या प्रश्नाला उत्तर देण्याइतके ज्ञान माझ्यापाशी नव्हते. तिच्या पाठीवरून हात फिरविला आणि आम्ही सारे डॉक्टरांकडे निघालो.

डॉक्टरबाई वयाने प्रौढ होत्या. त्यांनी बाळाला हात लावण्याची मुळीच घाई केली नाही. प्रथम त्याला आईच्या मांडीवर बसविले, एक रंगीत चेंडू त्याच्यापुढे धरला, आणि तो कोणत्या हाताने घेतो हे दुरूनच पाहिले. मग दुखऱ्या हाताऐवजी चांगला हात तपासावयास घेतला. असे का, हे मला नंतर समजले. भ्यालेल्या मुलाचा दुखरा हात आधीच दाबला, तर ते पुढे कोठेही हात लावला तरी रडते, आणि वेदना नेमकी कोठे आहे हे कळण्याचा मार्गच बंद होतो. चांगल्या हातावरून त्या दुखऱ्या बाजूच्या गळ्याजवळच्या हाडाकडे वळल्या, तेथून खांदा, दंड, मनगट, बोटे असे करीत शेवटी कोपराशी आल्या. सूज नव्हती, काळेनिळे झाले नव्हते, हाडाला बाक आला नव्हता. त्यांनी सहज विचारावे तसे विचारले, "याचा हात कोणी ओढला होता का?"

कोणीच बोलेना. मग भाची रडत रडत म्हणाली, "मी ओढला. तो पाण्यात पडत होता."

"असे होय!" डॉक्टरबाई हसून म्हणाल्या. त्यांनी एका हाताने बाळाचे कोपर असे धरले की अंगठा कोपराच्या बाहेरील बाजूवर टेकला. दुसऱ्या हाताने त्याचे मनगट धरून तळहात पालथ्या दिशेने आणखी थोडा वळविला. बाळ एकदाच ओरडला. "टक् झालेले माझ्या अंगठ्याला कळले," त्या म्हणाल्या, "आता दहा मिनिटे बाहेर बसा आणि त्याच्या हाताकडे कोणीही टक लावून पाहू नका." आम्ही बाहेर बसलो. दहा मिनिटे पुरी व्हावयाची होती, तोच बाळाने भाचीच्या वेणीची फीत ओढली, आणि ती डाव्या हाताने.

जो हात मोडला असे सर्वांना वाटले, तो पाऊण मिनिटात बरा कसा झाला? हे समजण्यासाठी प्रथम आपल्या कोपराची रचना पाहिली पाहिजे.

दंडात एक हाड असते. कोपराच्या खाली, हाताच्या पुढच्या भागात मात्र दोन हाडे असतात. एक करंगळीच्या बाजूचे आणि दुसरे अंगठ्याच्या बाजूचे. करंगळीच्या बाजूचे हाड वरच्या टोकाशी आकड्यासारखे वळलेले असून ते दंडाच्या हाडाला बिजागरीप्रमाणे बसते. कोपर वाकते व सरळ होते, ते मुख्यतः या बिजागरीमुळे. परंतु हात नुसता वाकून भागत नाही. कुलपात किल्ली फिरविताना, ओंजळीत पाणी घेताना, लिहिण्यासाठी कागदावर हात टेकताना तळहात कधी उताणा, तर कधी पालथा करावा लागतो. हे काम अंगठ्याच्या बाजूच्या हाडाचे आहे. त्याचे वरचे टोक एखाद्या लहान जाड चकतीसारखे असते. ती चकती दंडाच्या हाडाच्या गोल उंचवट्याला टेकून, जात्याची वरची तळी फिरावी तशी, स्वतःभोवती फिरते.

याचा प्रत्यय तुम्हांला आताच घेता येईल. डावे कोपर काटकोनात वाकवा. उजव्या हाताच्या बोटाने कोपराच्या बाहेरील बाजूचा हाडाचा टेंगूळ चाचपून पाहा. तेथून मनगटाच्या दिशेने साधारण अंगठ्याच्या एका पेराइतके खाली या. तेथे बोट हलकेच टेकवून ठेवा आणि डावा तळहात एकदा उताणा व एकदा पालथा असा सावकाश फिरवा. बोटाखाली काहीतरी गोल फिरत असल्याचे जाणवेल. हीच ती चकती. डॉक्टरबाईंचा अंगठा नेमका याच जागी होता.

ही चकती आपल्या जागेवरून ढळू नये म्हणून निसर्गाने तिच्याभोवती एका चिवट बंधाचे कडे घातलेले आहे. मनगटाभोवती बांगडी असावी तसे हे कडे चकतीला वेढून असते, आणि त्याची दोन्ही टोके शेजारच्या, म्हणजे करंगळीच्या बाजूच्या, हाडाला घट्ट चिकटलेली असतात. कड्याच्या आत चकतीला फिरण्याची मोकळीक आहे. बाहेर जाण्याची नाही. मोठ्या माणसांत हे कडे खालच्या कडेशी चांगले जाड व बळकट झालेले असते. एक ते चार वर्षांच्या मुलांत मात्र ते पातळ असते. अशा मुलाचा हात सरळ असताना व तळहात पालथा असताना मनगटाला एकदम हिसका बसला, तर अंगठ्याच्या बाजूचे हाड खाली ओढले जाते आणि ते कडे चकतीच्या काठावरून निसटून वर सरकते. हिसका थांबताच हाड पूर्ववत वर येऊ पाहते. पण आता चकती आणि दंडाचे हाड यांच्या फटीत कड्याची कड सापडलेली असते. ट्रंकेचे झाकण लावताना धोतराचा सोगा मध्ये सापडावा, तसाच हा प्रकार. झाकण मोडलेले नसते, ट्रंक मोडलेली नसते, फक्त झाकण नीट बसत नाही. मुलाचेही हाड मोडलेले नसते. चिमटलेला बंध हात फिरविताच दुखतो, म्हणून मूल हात फिरवीत नाही. आणि हात स्थिर ठेवला की दुखत नाही, म्हणून ते रडतही नाही. बाळ एका हाताने खुशाल खेळत होता, याचे कारण हेच.

पूर्वी कित्येक वैद्यांची अशी समजूत होती की, लहान मुलांत या हाडाची चकती मानेपेक्षा बारीक असते आणि म्हणून ती कड्यातून सहज निसटते. प्रत्यक्ष मोजमाप केल्यावर ही समजूत टिकली नाही. लहानपणीही चकती मानेपेक्षा रुंदच असते. कॅनडातील टोरांटो येथील शस्त्रवैद्य रॉबर्ट सॉल्टर यांनी आपल्या एका सहकाऱ्याबरोबर या सांध्याच्या रचनेचा बारकाईने अभ्यास करून तो १९७१ साली प्रसिद्ध केला. खरा दोष चकतीच्या आकारात नसून कड्याच्या पातळपणात आहे, आणि पाच वर्षांच्या पुढे हे कडे जाड होत गेल्याने ही दुखापत विरळ होते, असे त्यातून स्पष्ट झाले. तुम्ही ज्या वयाचे आहात, त्या वयात तुमचा हात कोणी कितीही ओढला, तरी ही दुखापत सहसा व्हावयाची नाही. तुमच्या हातून ती दुसऱ्याला होण्याचा संभव मात्र याच वयात अधिक. कारण धाकट्या भावंडांना सांभाळण्याचे काम तुमच्याकडेच येते.

इंग्रजीत या दुखापतीला पूर्वीपासून 'दाईचे कोपर' असे नाव आहे. मूल सांभाळणारी बाई घाईत त्याला हाताला धरून फरफटत नेते, असा त्या नावातील आरोप. मला हे नाव अन्यायाचे वाटते. घाई आईला असते, बापालाही असते, एस.टी.ची घंटा वाजल्यावर पायरीवरील मुलाला एका हाताने वर खेचणारे गृहस्थ मी अनेकदा पाहिले आहेत. कौतुकाने दोन्ही हात धरून मुलाला गरगर फिरविणारे काका आणि दोघांच्या मध्ये मुलाला हाताला धरून झोके देत चालणारे मायबाप यांनाही आपण काही वावगे करीत आहोत असे मुळीच वाटत नाही. अंगरख्याची बाही ओढून काढताना हात हिसकला जातो. कधी तर ओढणारा कोणीच नसतो. हात धरलेले मूल रुसून एकदम जमिनीवर अंग टाकून देते, आणि त्याचे स्वतःचे वजनच हिसक्याचे काम करते. अगदी तान्ह्या मुलात, कुशीवर वळताना हात अंगाखाली सापडूनही असे घडल्याची उदाहरणे आहेत. उजव्यापेक्षा डाव्या कोपराला ही दुखापत जास्त होते, याचेही कारण गमतीचे आहे. बहुतेक माणसे उजखोरी असतात. ती उजव्या हाताने बरोबरच्या मुलाचा हात धरतात, आणि तो मुलाचा डावा हात असतो.

निखळलेला सांधा बसविण्याची विद्या आपल्याकडे फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेत हाड मोडणे व सांधा सुटणे हे दोन प्रकार वेगळे केलेले असून सुटलेल्या सांध्याचे सहा भेद सांगितले आहेत. कोपराचा सांधा ढळला असता तो अंगठ्याने चाचपून दाबावा आणि मग हात पसरून पुन्हा आकुंचित करावा, असा विधी त्या ग्रंथात आहे. तो विधी लहान मुलांच्या या दुखापतीसाठी म्हणून सांगितलेला नाही. तरीही अंगठा कोपरावर टेकवून हात वळविणाऱ्या डॉक्टरबाईंची मला ते वाचताना आठवण झाली. त्याच ठिकाणी तेलाचाही उल्लेख आहे. पण तो सांधा बसविल्यानंतरचा. आजींच्या उपचारात तेवढा एक क्रम उलटा झाला होता.

आजकाल हा सांधा बसविण्याच्या दोन रीती प्रचारात आहेत. पहिल्या रीतीत तळहात उताणा करून कोपर पूर्ण वाकवितात. ही अधिक जुनी. दुसऱ्या रीतीत तळहात पालथ्या दिशेनेच आणखी वळवितात. दोन्हींचा हेतू एकच, अडकलेले कडे फटीतून सोडवून चकतीवरून खाली आपल्या जागी जाऊ देणे. तेथे बळाचे काम नाही. यांतील कोणती रीत बरी, याविषयी वैद्यांत मतभेद होते. १९९८ साली अमेरिकेतील काही डॉक्टरांनी दोन्ही रीती ताडून पाहिल्या. उताण्या रीतीने पहिल्याच प्रयत्नात सांधा बसला तो शेकडा ७७ वेळा, आणि पालथ्या रीतीने शेकडा ९५ वेळा. पुढे २०१७ साली अशा अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा घेण्यात आला. त्यात पहिला प्रयत्न फसण्याचे प्रमाण पालथ्या रीतीत शेकडा सुमारे ९ आणि उताण्या रीतीत शेकडा सुमारे २६ आढळले. मुलाच्या दृष्टीने या आकड्यांचा अर्थ एवढाच की, एकदा रडून भागते की दोनदा रडावे लागते.

सांधा बसला की बहुतेक मुले पाच-दहा मिनिटांत, उशिरात उशिरा अर्ध्या तासात, हात वापरू लागतात. प्लास्टर लागत नाही, झोळीही सहसा लागत नाही. दुखापत होऊन अर्धा दिवस उलटून गेला असेल, तर हात पूर्ववत चालू होण्यास थोडा अधिक वेळ लागतो. लक्षणे स्पष्ट असतील, तर क्ष-किरणांचे छायाचित्रही घ्यावे लागत नाही. कारण फटीत सापडलेला बंध त्यात दिसत नाही आणि हाडे तर जागच्या जागी असतात. डॉक्टरबाईंनी याविषयी एक मजेदार गोष्ट सांगितली. शंका आली म्हणून त्या कधी कधी मुलाला छायाचित्रासाठी पाठवितात. तेथील मनुष्य चित्र नीट यावे म्हणून मुलाचा तळहात उताणा करतो, आणि त्या वळविण्यातच सांधा आपोआप बसतो. मूल हसत परत येते, आणि डॉक्टरांना करण्यासारखे काही उरत नाही.

इतके सोपे असेल, तर घरच्या घरीच हात वळवून का पाहू नये? हा प्रश्न मीही विचारला. डॉक्टरबाई गंभीर झाल्या. त्या म्हणाल्या, "हात वळविणे सोपे आहे, वळविण्याजोगा हात कोणता, हे ओळखणे सोपे नाही." मूल हातावर पडले असेल, उंचावरून पडले असेल, कोपर सुजले असेल, हाडाला बाक दिसत असेल किंवा बोटे गार वा बधिर पडली असतील, तर दुखणे निराळे समजावे. कोपराच्या किंचित वर दंडाचे हाड लहान मुलांत पातळ असते आणि हात टेकून पडल्यास तेथे ते मोडते. त्या मोडलेल्या हाडाच्या अगदी पुढून हाताची मोठी रक्तवाहिनी आणि मज्जातंतू जातात. अशा हाताला ओढले, पिळले किंवा चोळले, तर हाडाचे टोक त्यांना इजा करू शकते. मोडलेल्या हाताला कांबटी लावून घट्ट आवळून बांधल्यानेही अनर्थ होतो. आतील सूज वाढत जाते, पट्टी सैल होत नाही, रक्त पुढे जाऊ शकत नाही, आणि काही तासांत स्नायू मरू लागतात. मग बोटे कायमची आखडून पंज्यासारखी वाकडी होतात. रिखार्ड फोन फोल्कमान या जर्मन शस्त्रवैद्याने १८८१ साली या विकाराचे वर्णन केले व घट्ट पट्ट्यांकडे बोट दाखविले. त्याला आजही त्याच्याच नावाने ओळखतात. हे ऐकताना आजी पदराने तोंड पुसत होत्या. त्यांची कोमट तेलाची वाटी घरी चुलीजवळ तशीच होती.

बाळाच्या आईला आणखी एक शंका होती. हे पुन्हा होईल का? डॉक्टरबाईंनी तसा संभव आहे असेच सांगितले. ज्या मुलाचे कोपर एकदा निखळते, त्याचे ते पुन्हा निखळणे दुर्मीळ नाही. साधारणतः चौघांतील एकाला तो अनुभव येतो. कडे जाड होईपर्यंत सांभाळावयाचे, एवढाच उपाय. मुलास उचलावयाचे असेल, तर दोन्ही काखांत हात घालून उचलावे. रस्त्याने नेताना हात धरावा, पण त्या हाताने ओढू नये. पायरी चढवावयाची झाल्यास कडेवर घ्यावे. आणि एकदम आवरण्याची वेळ आलीच, तर मनगटाऐवजी शक्य तो दंडाला किंवा धडाला धरावे. दंड धरला असता हिसका कोपरापर्यंत पोहोचत नाही.

"आणि शक्य नसले तर?" भाचीने विचारले. ती इतका वेळ दाराशी उभी राहून सारे ऐकत होती.

डॉक्टरबाईंनी तिला जवळ बोलाविले. "शक्य नसले, तर मनगट धरावे," त्या म्हणाल्या, "जे हाती लागेल ते धरावे. निखळलेले कोपर मला बसविता येते. तू त्याला ओढले नसतेस, तर माझ्याकडे येऊन काय उपयोग झाला असता?"

भाची काही बोलली नाही. परत येताना तिने बाळाला कडेवर घेतले व घर येईपर्यंत खाली सोडले नाही. वजनाने तिची कंबर वाकत होती, पण मी "दे" म्हटले, तरी देईना. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पुन्हा घाटावर गेलो. ती वरच्या कोरड्या पायरीवर बसली, बाळाला पुढ्यात घेतले आणि दोन्ही हातांनी त्याच्या कमरेला विळखा घातला. तिने गोळा करून दिलेले खडे बाळ एकामागून एक कृष्णेत टाकीत होता. काही उजव्या हाताने, आणि काही डाव्या.